एसटीपीचा ब्लोअर रात्री बंद ठेवण्याबद्दल

वीजबिल वाचवायला सोसायटीच्या एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) ब्लोअर, म्हणजे टाकीतल्या सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र, रात्रभर बंद ठेवावा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया नको! घाण खाणाऱ्या जिवाणूंना पाण्यात लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो. हवा तासन्‌तास थांबली की ते गुदमरतात, ऑक्सिजनशिवाय जगणारे माजतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास. मुंबईतल्या टॉवरांत एसटीपी बहुधा तळघरात, म्हणजे वास थेट पार्किंगमध्ये. बिल कमी करायचंच तर ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा.

सेटलिंग टाकीतला (जिथे गाळ खाली बसतो) गाळही सगळा उपसू नका. बराचसा परत हवेच्या टाकीत जायला हवा, कामाचे जिवाणू त्यातच असतात. आणि हो, संडासात ॲसिड ओतणाऱ्यांना आवरा, त्यानेही हे जिवाणू मरतात. पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरत असेल तर ते आधी वेगळं काढा, नाहीतर गाळच वाहून जाईल.