मुंबईत पाडलेली १९१८ची गिनी: ठेवावी की मोडावी?

पाटलीवाली: आईच्या पेटीत मखमली बटव्यात एक गिनी निघाली. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. भिंगातून पाहिलं तर सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीत, बारीकसं इंग्रजी ‘आय’. लेकीच्या पाटल्या करायच्यात, सोनार म्हणतो मोडा. मला तो करंटेपणा वाटतो.

रोखठोक: करंटेपणा कसला? वजन ७.९८ ग्रॅम, कस २२ कॅरेट, म्हणजे चोख सोनं ७.३२ ग्रॅम. अशी नाणी मुंबईत जवळजवळ १३ लाख पाडली. दुर्मिळ म्हणे!

टांकसाळ्या: आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. पहिल्या महायुद्धात जहाजानं सोनं नेणं-आणणं धोक्याचं झालं, म्हणून लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडली; तुमच्या नाण्यावरचा ‘आय’ ही तिचीच खूण. त्या शाखेच्या सॉव्हरिनवर, म्हणजे तुमच्यासारख्या नाण्यावर, १९१८ सोडून दुसरं सालच नाही. त्याच वर्षी मुंबईत १५ रुपयांची सोन्याची मोहरही पाडली, वजन-कस अगदी हाच. (आणि ही गिनी नव्हेच. खरी गिनी १६६३ ते १८१४, २१ शिलिंगांची. ही सॉव्हरिन, २० शिलिंगांची.)

रोखठोक: सोनाराला सांगून बघा हे! तो घट धरूनच भाव देणार.

टांकसाळ्या: म्हणून तर सोनाराकडे जायचं नाही. संग्राहकाकडे जा. फक्त कडी लावून माळेत ओवली असेल, डाग दिलेला असेल, तर मात्र रोखठोक जिंकले. ते नुसतं सोनं.

लंडनकर: इथे सॉव्हरिन अजून कायदेशीर चलन आहे, त्यामुळे विकून झालेल्या नफ्यावर भांडवली कर नाही. त्या जोरावर लोक घेतात.

रोखठोक: ती सवलत तुम्हाला. आम्हाला इथे कर चुकत नाही. गुंतवणूकच करायची तर २४ कॅरेटचं वळं घ्या, छाप्याचे जादा पैसे कशाला मोजायचे?

टांकसाळ्या: त्या काकू घेत कुठे आहेत? आहे ते मोडू की नको, एवढंच विचारताहेत.

पाटलीवाली: कडीचा डाग नाही, आजच पाहिलं. काट्यावर ७.९७ भरली. सोनारानं कसोटीवर घासायला हात पुढे केला, मी बटवा मिटला. पाटल्या माझ्या जुन्या गोठांतून होतील.

रोखठोक: गोठ कधीचे आहेत? फोटो टाका.