पोर्टोला जाऊन राहिलो, आईबाबांना घेऊन वाईनच्या तळघराची टूर करावी का?

त्रिमूर्तीनगरचा

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालला जाऊन राहिलो, मी, बायको आणि आईबाबा. मेहुणा लिस्बनला असतो म्हणून जमून राहिलं, नाहीतर आपली उडी पचमढीपर्यंतच. लिस्बनहून ट्रेननं पोर्टो, तिथे दोन रात्री. आता मेहुणा म्हणतो की पोर्टोला जाऊन पोर्ट वाईनची टूर नाही केली तर काय केलं, गाईड फिरवतो, पिंपं दाखवतो आणि शेवटी दोन-तीन ग्लास चाखायला देतात. बाबा एका पायावर तयार आहेत, ते थोडी घेतात (थोडी म्हणजे थोडीच, शिवाय शुगर आहे). आई मात्र भडकली. "एवढं विमानानं जाऊन दारूचं गोदाम काय बघायचं, ते तर नागपुरात सदरला पण दिसते." शिवाय तिचे गुडघे दुखतात.

तर प्रश्न असा की न पिणाऱ्या माणसाला तिथे बघण्यासारखं काही असते का, की चौघांचे पैसे उगाच जातील? नेटवर दहा-बारा नावं दिसून राहिली, त्यातलं कोणतं घ्यावं? आणि शुगरवाल्या माणसानं ते चाखावं का? फार गोड असते म्हणतात.

फुटाळा_कट्टा

भाऊ, दोन वर्षांआधी जाऊन आलो. पहिले तर हे की ही गोदामं पोर्टोत नाहीतच. मधून डोरो नदी, अलीकडे पोर्टो, पलीकडे गाया (पूर्ण नाव विला नोवा द गाया), आणि सगळ्या कंपन्यांची मोठी मोठी नावं त्या पलीकडच्या काठावर कौलांवर लिहिलेली दिसतात. आम्ही हॉटेल पोर्टोत घेतलं आणि लोखंडी पुलावरून चालत गेलो. तो पूल १८८६ चा आहे, दोन मजली, वरून मेट्रो जाते खालून गाड्या, माणसं दोन्हीवरून चालतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर वरच्या मजल्यावरून मेट्रोनं पलीकडे उतरा आणि तिथूनच रोपवे आहे, तो थेट खाली नदीकाठी सोडतो. परत येताना पण तोच घ्या, गायाचे चढ म्हणजे रामटेकच्या पायऱ्या समजा, फक्त पायऱ्यांऐवजी गोटे लावलेले रस्ते.

दुसरं म्हणजे तळघर नाहीये ते. शब्द ऐकून आम्ही पण स्वेटर घालून गेलो होतो की जमिनीखाली उतरावं लागेल. जाड दगडी भिंतींची, उंच छपराची लांबच लांब गोदामं आहेत, आपल्या जुन्या कॉटन जिनसारखी. आत अंधार, गार, आणि वास! तो वास मी कसा सांगू, मोहफुलं वाळत घातली की येतो ना तसा गोड आंबूस, त्यात ओल्या लाकडाचा. दारातून आत पाय टाकला की नाकात बसते ते. माझी बायको घेत नाही पण ती पण म्हणाली की हा वास घरी नेता आला असता तर.

टूर एकच करा. आम्ही शहाणपणा करून एका दिवसात तीन बुक केल्या होत्या, दुसरीतच कंटाळा आला कारण गोष्ट सगळीकडे तीच, आणि तिसरीत गाईड काय बोलला ते मला आठवत नाही (का ते समजून घ्या). एका ठिकाणी तर चाळीसेक लोक एकत्र कोंबले, गाईड पुढे, आम्ही मागे, काही ऐकू नाही, वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर आणि सरळ दुकानात. नाव नाही घेत. पण बुक करताना बघा की एका ग्रुपला किती माणसं आणि भाषा इंग्लिश आहे का.

वर्धेची_लेक

मी पण न पिणारी, त्यामुळे आईंच्या बाजूनं बोलते. आमच्याकडे वर्ध्याला दारूबंदी असल्यामुळे मला तर बाटली बघायची पण सवय नव्हती 😄 पण मला ती टूर आवडली, आणि आवडली ती वाईनसाठी नाही, एका बाईसाठी.

फेरेरा म्हणून कंपनी आहे, नदीकाठीच आहे, चढ चढावा लागत नाही. ती १७५१ ची. तिची गोष्ट सांगतात ती डोना अँटोनिया नावाच्या बाईची, जन्म १८११ चा. तेहतिसाव्या वर्षी नवरा गेला आणि तिनं सगळा कारभार हातात घेतला. पुढे द्राक्षांवर मुळं खाणारी कीड आली, त्या काळात युरोपातले मळेच्या मळे गेले, ती मागे हटली नाही. १८९६ ला गेली तेव्हा डोरोच्या खोऱ्यातली सगळ्यात मोठी मळेवाली होती. तिकडचे लोक अजून लाडानं फेरेरिन्या म्हणतात, म्हणजे आपण ठमाबाईची ठमी करतो ना तसं.

आणि एक किस्सा. १८६१ ला ती नावेतून जात असताना नाव उलटली. सोबत फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी होता, डोरो नदीचे नकाशे ज्यानं काढले तोच, तो बुडाला. असं सांगतात की त्याच्या कमरपट्ट्यात सोन्याची नाणी होती त्यानं तो खाली गेला, आणि डोना अँटोनिया वाचली ती तिच्या घेरदार झग्यामुळे, त्यात हवा भरली आणि ती तरंगली. ही गोष्ट सांगा आईंना, बघा काय म्हणतात. माझी आई म्हणाली नऊवारी असती तर बुडालीच असती बिचारी.

न पिणाऱ्यांना आम्ही गेलो तिथे द्राक्षाचा रस दिला होता, पण सगळीकडे देतातच असं नाही, बुक करताना मेलवर विचारून घ्या. आणि नाहीच दिला तर आईंचा ग्लास कोणाकडे जाईल ते मला सांगायला नको.

तर्रीवाला

काऊन एवढा खर्च करून राहिले बे, गोव्याला पोर्ट वाईन मिळते ना, तीनशे-चारशेत काम. आपण तर कॉलेजात तीच प्यायचो, सर्दी झाली की औषध म्हणून 😂

महालातले_काका

तर्रीवाल्या, ती पोर्ट नाही रे बाबा, ती गोड वाईन. खरी पोर्ट फक्त डोरोच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची, त्याची हद्द १७५६ सालीच आखली गेली. पोंबाल नावाचा तिथला प्रधान होता, त्यानं भेसळ थांबवायला हे केलं आणि पुढे हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले, ३३५ दगड. आपल्याकडे नागपुरी संत्रं म्हणून कुठलंही संत्रं खपवतात, तसं होऊ नये म्हणून.

ती गोड का असते ते टूरमध्ये सांगतात पण इंग्लिशमध्ये भरभर सांगतात म्हणून इथे लिहितो. द्राक्षं तुडवून रस आंबायला ठेवला की त्यातली साखर हळूहळू दारूत बदलत जाते. साध्या वाईनमध्ये ते पूर्ण होऊ देतात. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, अर्धी साखर शिल्लक असताना, त्यात द्राक्षाचीच ७७ टक्के अल्कोहोलवाली कडक दारू ओततात. त्यानं आंबवणारं यीस्ट मरते, साखर तशीच राहते आणि माल १९ ते २२ टक्क्यांवर जातो. साधी वाईन १२-१४. म्हणून बाबांना सांगा गोड लागली म्हणून सरबतासारखी पिऊ नका, आणि रिकाम्या पोटी तर नकोच.

शुगरचं म्हणाल तर लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर धरा. तीन छोटे ग्लास मिळून दीडशे मिली झाले तरी पंधरा ग्रॅम, म्हणजे तीनचार चमचे. मी स्वतः शुगरवाला आहे, मी प्रत्येक ग्लासातून एक-एक घोट घेतला आणि बाकी मुलाला दिला. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरला विचारा, इथे आमच्या भरवशावर राहू नका.

आता खरी गंमत. गाईड बाई सारखी "पीपा, पीपा" म्हणत होती. मी तिला विचारलं म्हणजे काय, तर तिनं लाकडी पिंपावर थाप मारून दाखवलं. अहो आपलं पिंप! तो शब्दच पोर्तुगीजांकडून आला आपल्याकडे, पाव आणि पगारासारखा. साडेपाचशे लिटरचं एक माप धरतात त्याचं. मी तिला म्हटलं आमच्या नागपुरात पाण्याच्या टंचाईत घरोघरी पीपा असतो, ती खूप हसली आणि मग आमच्यावर जरा जास्त लक्ष दिलं तिनं, एक वीस वर्षांची टॉनी (पिंपात मुरवलेली पोर्ट) फुकटात चाखवली. त्यामुळे आईंना सांगा, गोदाम नाही, पिंपं बघायला चाललो.

फुटाळा_कट्टा

काकांनी टॉनीचं काढलं म्हणून, त्रिमूर्तीनगरचा, बाबांना हा फरक आधी सांगून ठेवा म्हणजे चाखायला मजा येईल. रूबी म्हणजे मोठमोठ्या टाक्यांत ठेवलेली, हवा कमी लागते म्हणून रंग पिकल्या जांभळासारखा राहतो, चव पण ताज्या फळाची. टॉनी छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं, लाकडातून थोडी थोडी हवा लागून रंग उतरत जातो, पार कोऱ्या चहासारखा होतो, आणि चव अक्रोड, खारीक, भाजलेल्या गुळाकडे जाते. पिंपं मुद्दाम जुनीच वापरतात, नव्या लाकडाची चव उतरायला नको म्हणून. गाईडनं दोन ग्लास पांढऱ्या कागदावर धरून दाखवले तेव्हा एकाच मळ्यातलं आहे हे पटतच नव्हतं. आपल्या चवीला टॉनी लागते, माझं स्पष्ट मत. बाटलीवर १० किंवा २० वर्षं लिहिलेलं असते ते मिश्रणाचं वय असते, आतला थेंब न् थेंब तेवढा जुना असेल असं नाही.

कोणती टूर घ्यावी तर: आईंसाठी फेरेरा, वरती सांगितलंच आहे. सँडमन पण नदीकाठीच, तिथे गाईड काळी टोपी आणि काळा झगा घालून फिरवतो, फोटोला भारी, पण गर्दी फार. टेलर्स थोडी चढावर, तिथे कानाला लावायचं यंत्र देतात आणि आपल्या वेगानं फिरता येते, आईंना मध्येच बसावंसं वाटलं तर बसा, कोणी हाकलत नाही. कॅलेममध्ये संध्याकाळी फादो गाणं पण असते टूरला जोडून, आईंना भजनाची आवड असेल तर ते दुःखी गाणं आवडेल बहुतेक. साध्या टूरला माणशी वीस युरोच्या आसपासपासून सुरू होते, म्हणजे आपले दोनेक हजार, जुनी वाईन चाखायची तर वाढत जाते.

त्रिमूर्तीनगरचा

काका, पिंपाचं आईला सांगितलं, ती पहिल्यांदा हसली या विषयावर. नऊवारीवाली गोष्ट पण सांगितली, तर म्हणाली त्या बाईचा फोटो असेल तिथे तर येते. झालं, फेरेरा बुक करून टाकतो.

एक राहिलं. बाटल्या आणता येतात का? बाबांच्या मित्रांनी आतापासून लिस्ट दिली आहे, आणि वर्ध्याच्या मामांना पण एक पाहिजे.

वर्धेची_लेक

मामांना नागपुरात बोलवा आणि तिथेच पाजा. बाटली घेऊन बुटीबोरीच्या पुढे येऊ नका, पोर्तुगालची असो की मोहाची, पोलिसांना सारखीच.

महालातले_काका

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात. चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर सहसा नेऊ देत नाहीत. मी धोतरात गुंडाळून आणली, काही झालं नाही.

पण कोणती आणायची ते महत्त्वाचं. व्हिंटेज म्हणून असते ती महागडी, एकाच चांगल्या वर्षाची, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग ती बाटलीतच वर्षानुवर्षं आडवी पडून मुरते. खाली गाळ बसतो, गाळून घ्यावी लागते, उघडली की दोन दिवसांत संपवायची. ती नागपुरात आणून काय करणार? मे महिन्यात ४५ डिग्रीत ठेवली तर तिचं मातेरं होते. आमच्या ओळखीच्या एकानं शोकेसमध्ये ठेवली होती, टीव्हीच्या वर, दोन उन्हाळे. उघडली तेव्हा चिंचेच्या कोळासारखी लागत होती. टॉनी आणा. तिचं बूच हातानं काढायचं-लावायचं असते, फ्रिजमध्ये ठेवली तर उघडल्यावर महिनाभर सहज चालते. थंड करून संत्रा बर्फीसोबत घ्या कधी, मुलगा हसला होता माझ्यावर, आता तोच मागतो.

तर्रीवाला

काका, बर्फीवालं लिहून घेतलं. भाऊ, माझ्यासाठी पण एक आणा, पैसे देतो. खरंच देतो.

त्रिमूर्तीनगरचा

तुझा नंबर बाबांच्या मित्रांच्या मागे बे.

टूर बुक झाली, सकाळी अकराची, जेवूनच जाऊ म्हणजे पोट रिकामं नको. आईची आता एकच अट, टूर झाल्यावर चहा पाहिजे. मिळते का तिथे?

फुटाळा_कट्टा

मिळते ना. पोर्तुगीजमध्ये चहाला "शा" म्हणतात, आपल्या चहाचाच भाऊ. पण मागितला तर गरम पाणी आणि एक पुडी समोर ठेवतील. दूध वेगळं मागा, आणि आलं घरून न्या.