मदत हवी आहे: टेक्सासमध्ये मुलाला दारूवरून सायटेशन

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसला असतो. शनिवारी रात्री मित्राच्या गाडीत मागे बसलेल्या माझ्या १९ वर्षांच्या मुलाला ‘मायनर इन पझेशन’चं सायटेशन, म्हणजे पोलिसांनी दिलेली कोर्टाची नोटीस, मिळालं. बिअरचे न फोडलेले कॅन त्याच्या पायाशी होते. तो प्यायला नव्हता, पण इथे २१ च्या आत दारू बाळगणं हाच गुन्हा. ५०० डॉलरपर्यंत दंड, कम्युनिटी सर्व्हिस, वर ३० दिवस लायसन्स बंद.

दंडाचं काही नाही हो, भरू. पण नुसता भरून टाकला की गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं. तो एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, ग्रीन कार्ड अजून लांब. ‘डिफर्ड डिस्पोझिशन’, म्हणजे कोर्टाच्या अटी पाळल्या की केस रद्द होते ते, कुणी घेतलंय का? आधी इमिग्रेशनचा वकील गाठावा की क्रिमिनलचा? कोर्टाची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. पोरगा दोन दिवस धड जेवलेला नाही.