'अप्रस्तीत्सा' : या रशियन क्रियापदाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
रशियन लेखक तुर्गेन्येवच्या 'नोव्ह' (१८७७) या कादंबरीतल्या एका शब्दापाशी अडले आहे. नायिका मारियान्ना मामाच्या घरातून पळून सोलोमिन चालवत असलेल्या सूतगिरणीवर येते आणि तिथल्या तात्याना या कष्टकरी बाईकडे साधे सुती कपडे मागते. तात्याना विचारते, म्हणजे तुम्हाला 'अप्रस्तीत्सा' करायचंय का? मारियान्नाला हा शब्दच नवा. तात्याना सांगते, हल्ली आमच्याकडे असं म्हणतात, साध्या लोकांशी एक होणं. मला 'खेडूत होणे' आणि 'लोकांत मिसळणे' सुचलं. दोन्ही पटत नाहीत.

उत्तर :
'खेडूत' नकोच. त्यात तुच्छता डोकावते, आणि प्रसंग गिरणीवरचा आहे. 'मिसळणे'मध्ये माणूस आहे तसाच राहून गर्दीत शिरू शकतो. मूळ शब्द 'प्रस्तोय', म्हणजे साधा. रशियनमध्ये तो सोप्या गोष्टीलाही लागतो आणि सामान्य माणसालाही. मराठीचा 'साधा' अगदी तसाच आहे : 'साधा प्रश्न' आणि 'आम्ही साधी माणसं'. शेवटचं 'त्सा' दाखवतं की क्रिया स्वतःवरच करायची आहे. म्हणून नुसतं 'साधं होणं' अपुरं, 'स्वतःला साधं करून घेणं' हवं. १८७४च्या उन्हाळ्यात शिकलेली तरुण मुलंमुली शेतकऱ्यांचे कपडे घालून, सुतारकाम, चांभारकाम शिकून खेड्यांत गेली, ती हेच करायला. त्या चळवळीला 'जनतेत जाणे' म्हणतात. मी 'लोकांत जाणे' म्हणेन. 'जनता' व्यासपीठावरून बोलल्यासारखं वाटतं.

आणखी एक :
मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा शब्द मारियान्नाला एका कष्टकरी बाईकडून मिळतो, पुस्तकातून नाही. त्यामुळे अनुवादातही तो तात्यानाच्या तोंडी शोभायला हवा. तुमच्या टिपणात 'नायिकेची वैचारिक जागृती' लिहिणार असाल तर तेही तपासा. विचार तिच्यापाशी आधीच आहेत. सोलोमिन तिला सांगतो, खवडे झालेल्या पोराचं डोकं विंचरा, भांडी घासा, कोंबड्यांची पिसं उपटा. ती म्हणते, मी वेगळंच स्वप्न पाहिलं होतं. स्वतःचं बलिदान करायचं होतं का, असं तो विचारतो, आणि ती हो म्हणते. या दोन वाक्यांत ती मला सगळ्यांत जास्त दिसते. बलिदानाला तयार असलेल्या मुलीला विंचरणं शिकायचं आहे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : विचार अंगी बाणणे. तिच्यासोबत पळालेला नेझ्दानवही शेतकऱ्याचे कपडे चढवतो, पण त्याच्या अंगी ते बाणत नाही. लोक त्याला गुत्त्यात दारू पाजतात आणि तो झिंगून परततो.

मूळ प्रश्नकर्ती :
'बाणणे' टिपणात घेते. तात्यानाचं वाक्य आता असं केलंय : "म्हंजे तुमाला सादं करून घ्यायचंय का सोताला?" बोली फार गडद झाली का?

उत्तर :
थोडी. 'सोताला'चं 'स्वतःला' करा. "म्हणजे तुम्हाला स्वतःला साधं करून घ्यायचंय?" एवढ्यात तिचा आवाज येतो.