हेडलाइट उघडून पुन्हा चिकटवला, आता आत पाणी साचतंय. सील कसं करावं?

काळी_चौकट:
दोन्ही हेडलाइट उघडून प्रोजेक्टर (भिंगातून प्रकाश टाकणारे दिवे) बसवले, आतली क्रोमची चौकट काळी रंगवली. बंद करताना दुकानात ट्यूबमधलं पारदर्शक सिलिकॉन लावलं. आता उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पाणी दिसतंय आणि हायबीमच्या रिफ्लेक्टरवर दुधी झाक आलीय. बाहेरून आणखी सिलिकॉन फिरवलं तर भागेल का?

बुटाइलवाला:
नाही भागणार. बाहेरचा थर आज ना उद्या कडेला सुटतो, आणि तोवर आत गेलेलं पाणी कोंडून ठेवतो. उघडावाच लागेल.

दुधी झाक बहुधा सिलिकॉनचीच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि बंद डब्यात ती वाफ रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा मुलामा खाते. पुसायला जाऊ नका, उरलेला मुलामाही फडक्यावर येईल.

पुन्हा बसवताना काळं बुटाइल घ्या, म्हणजे गरम केल्यावर मऊ पडणारं चिकट रबरी सील. दोरीसारखं गुंडाळीत मिळतं, जाडी 9.5 मिमी. दोन हेडलाइटना 4 ते 5 मीटर पुरतं, तरी आधी काचेची कड बसते त्या खाचेत सुतळी फिरवून लांबी मोजा. दोरी ताणू नका. ताणली की बारीक होते, मग आखडते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. सुरुवात वरच्या कडेपासून, खालून कधीच नाही, आणि शेवटी टोकावर टोक 2 सेंमी चढवून बोटाने मळून एकजीव करा.

मग बल्ब, होल्डर, मागच्या रबरी टोप्या काढून ओव्हनमध्ये 100 अंशाला 8 मिनिटं. बाहेर काढून काच सगळीकडून सारखी दाबा, क्लिपा लावा, स्क्रू आवळा. पुन्हा 5 मिनिटं गरम करून परत दाबा. कडेने बुटाइल सारखं बाहेर डोकावलं पाहिजे. जिथे डोकावत नाही तिथेच गळणार.

हीटगन_नको:
वरचं सगळं बरोबर, पण यांचा हेडलाइट आता बुटाइलचा राहिलेला नाही. सिलिकॉन एकदा पक्कं झालं की ओव्हनमध्ये मऊ पडत नाही. म्हणून तापमान वाढवत बसलात तर सिलिकॉन तसंच राहील आणि मागचं प्लॅस्टिकचं घर वाकडं होईल. घर वाकलं की कुठलंही सील बसत नाही.

सगळे स्क्रू आणि क्लिपा आधी काढा (एक विसरला तरी काचेचा कान तुटतो), मग पातळ पात्याने कडेकडेने कापत या. खरी मेहनत पुढे आहे: खाचेतला सिलिकॉनचा कण न् कण खरवडून काढणं. त्याचा चकचकीत पापुद्रा राहिला तर त्यावर बुटाइल चिकटत नाही. बोट फिरवून रबरासारखं लागलं की अजून बाकी आहे असं समजा.

काळी_चौकट:
खाच थिनरने पुसू का? आणि ओटीजीत हेडलाइट मावत नाही.

हीटगन_नको:
थिनर, ॲसिटोन, पेट्रोल काहीच नको. काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेटची असते, तिला बारीक तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ओटीजीत कोंबू नका, तापलेल्या कांडीला टेकलेला कोपरा वितळतो. हेडलाइट जाड खोक्यात ठेवून बाजूच्या भोकातून हीटगन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) सोडा, झोत हेडलाइटवर थेट येऊ देऊ नका, आत थर्मामीटर ठेवा आणि खोक्याजवळून हलू नका, पुठ्ठा पेटतो.

वाफेचा_वैद्य:
एक राहिलं. मागच्या बाजूला हवेची छोटी नळी किंवा पांढऱ्या पडद्याची टिकली असते. सीलच्या उत्साहात बरेचजण तीही बुजवतात. मग दिवा तापला-निवला की आतली हवा फुगते-आखडते आणि कुठून तरी ओलावा ओढून घेते. पावसात काचेवर हलकी वाफ धरली आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात गेली, तर तो दोष नाही. थेंब ओघळून साचले तर गळती.

गाडीला लावण्याआधी तपासा: बल्ब, टोप्या बसवा, एक नळी सोडून बाकी भोकं टेपने बंद, सांध्यावर साबणाचं पाणी, आणि त्या नळीतून तोंडाने हळू फुंका. बुडबुडा आला तिथे खूण. कंप्रेसर लावू नका, काच उचलली जाते. नंतर टेप काढायला विसरू नका.

काळा रंग पुरता सुकल्याशिवाय बंद करू नका. डब्यावर लिहिलेल्या वेळेवर आणखी दोन दिवस द्या, नाहीतर दिव्याच्या उष्णतेने त्याची वाफ काचेला आतून चिकटते.