मदत हवी आहे: ल्वारच्या खोऱ्यात बाबांसोबत सायकलने, कुठला पट्टा निवडू?

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरात मी आणि माझे बाबा फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात सायकलने फिरायचं म्हणतोय. बाबा सत्तरीकडे आलेत, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कालवा, बांध, दरवाजे काहीही दिसलं की ते सायकल स्टँडला लावून बघत बसणार हे गृहीतच धरा. दोघांनाही सायकलची रोजची सवय आहे, सपाटीवर सामान लादून पन्नास-साठ किमी आरामात होतात. पण लांब चढ नकोत, त्यांचा एक गुडघा कुरकुर करतो.

"ल्वार आ व्हेलो" हा आखलेला मार्ग माहीत आहे, नवेरजवळच्या क्युफीपासून समुद्रकाठच्या सँ-ब्रेव्हाँपर्यंत साधारण ९०० किमी, आणि त्याचा बराच भाग म्हणजे अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा यूरोव्हेलो ६ च आहे. सगळा करायचा नाहीये, तेवढी सुट्टीच नाही. साताठ दिवस सायकलवर मिळतील असं धरून चाललेय.

माझी अडचण अशी की ज्याला विचारावं तो ब्लुआ ते तूर सांगतो, शाँबोर बघा, शनाँसो बघा, व्हिलाँद्रीच्या बागा बघा. सुंदरच असणार, शंका नाही, आणि एखादा महाल आम्हीही बघू. पण बाबांना नदी बघायची आहे. वाळूची बेटं, काठावरची शेतं, छोटी गावं, आणि मुख्य म्हणजे तिथले पूरबांध. १८४६, १८५६ आणि १८६६ असे तीन मोठे पूर वीस वर्षांत आले आणि शतकानुशतकं उंच करत नेलेले बांध कितीतरी ठिकाणी फुटले, हे त्यांनी वाचलंय आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. त्या बांधांवरून आज सायकलचा रस्ता जातो म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला.

तर कुणी केलं असेल तर सांगा, महालांच्या पट्ट्याच्या वर, म्हणजे नवेर ते ऑर्लेआँ हा भाग कसा आहे? गावं फार विरळ आहेत का, मुक्कामाची पंचाईत होते का? रस्ता डांबरी की खडीचा? आणि नदीच्या प्रवाहाबरोबर जावं की उलट, यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो. शिवाय व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे लागतात त्यामुळे रोज संध्याकाळी बघू कुठे पोचतो ते, असं करता येणार नाही, आधीच टप्पे ठरवायला लागतील, म्हणून एवढं खोदून विचारतेय.

प्रतिसाद १

तुमच्या बाबांसाठी हाच पट्टा, डोळे मिटून घ्या. आम्ही दोघं नवेरहून ऑर्लेआँपर्यंत गेलो होतो, दोनशे किमीच्या आतबाहेर होतं, घाई केली तर चार दिवस पण तुम्ही पाच-सहा ठेवा कारण बाबा थांबणार.

सुरुवातीलाच बेक दालिए, म्हणजे आलिए नदी ल्वारला मिळते तो संगम. तिथून जवळच ल गेताँला कालवाच आलिए नदीच्या वरून दगडी कमानींवरून नेलाय, १८ कमानी आहेत, आणि टोकाला लगेच लॉक, म्हणजे होड्या वरखाली करायची दरवाज्यांची टाकी. त्यानंतर बरंच अंतर कालव्याची संगत असते. हा कालवा मुद्दाम नदीला समांतर काढलाय, दिग्वाँ ते ब्रिआर, १८३८ मध्ये सुरू झाला, कारण ल्वार उथळ आणि वाळू सारखी सरकणारी, मालाच्या होड्यांना भरवशाची नव्हतीच. आणि ब्रिआरला पोचलात की तो कालवा खुद्द ल्वारच्या वरून जातो! ६६२ मीटर लांबीचा लोखंडी पूल, १८९६ चा, दगडी खांब आयफेलच्या कंपनीने बांधलेले. २००३ मध्ये जर्मनीत माग्देबुर्गचा झाला तोवर एवढा लांब कालवा-पूल दुसरा नव्हता. कडेने चालायला वाट आहे, सायकल हातात धरून सावकाश जा, खाली नदी आणि शेजारून तुमच्या बरोबरीने होडी. अर्धा दिवस तिथेच ठेवा.

रस्त्याचं म्हणाल तर मिश्र. काही डांबरी, काही बारीक खडी दाबून केलेला, पाऊस झाला की पॅनियरसकट (कॅरियरच्या पिशव्या) सगळं मळतं. ३५ मिमीच्या आसपासचे टायर असतील तर काही त्रास नाही, अगदी बारीक रोड टायर नकोत. चढ जवळजवळ नाही. सांसेर गाव मात्र टेकडीवर आहे, मार्ग खालून जातो, वर चढायचा मोह गुडघ्यासाठी टाळा किंवा टॅक्सी करा.

एक सांगून ठेवते, बेलव्हिल आणि दाँपिएरला अणुवीज केंद्रं आहेत, त्यांचे कूलिंग टॉवर लांबूनच दिसायला लागतात. काहींचा विरस होतो. मला तरी नदीचं पाणी कशाकशाला लागतं ते दिसलं म्हणून बरंच वाटलं, तुमच्या बाबांनाही तसंच वाटेल बहुतेक.

प्रतिसाद २

दिशेबद्दल. प्रवाहाबरोबर गेलं की उतार मिळतो हा हिशोब इथे चालत नाही हो. आलिएच्या संगमापासून समुद्रापर्यंत नदी दोनशे मीटरसुद्धा उतरत नाही आणि अंतर शेकडो किमी, म्हणजे पायाला कळणारच नाही असा उतार. कळतो तो वारा, आणि तो जास्त करून पश्चिमेकडून येतो. बांधावर झाड नाही, आडोसा नाही, हेडविंड लागला की सपाटीवर चढासारखं वाटतं. त्यामुळे ऑर्लेआँहून निघून नवेरकडे जा असं मी म्हणेन. पाट्या दोन्ही बाजूंनी लावलेल्या आहेत, चुकायची भीती नाही, तरी मार्गाची जीपीएक्स फाइल मोबाईलमध्ये असू दे.

नवेर, ला शारिते, कोन, ब्रिआर, जिआँ ही सगळी पॅरिसच्या रेल्वे लाइनवरची गावं आहेत. म्हणजे गुडघा दुखलाच तर त्या भागात गाडीत बसता येतं, ऑर्लेआँ ते जिआँमध्ये हा आधार नाही. तो बिनआधाराचा भाग ताज्या पायांनी आधीच उरकून घ्यावा, हेही ऑर्लेआँहून निघायचं कारण. सायकलसाठी आरक्षण लागतं का ते त्या त्या गाडीचं आधी बघा, लांबच्या गाड्यांना बहुतेक लागतंच.

मुक्कामासाठी "आक्कय व्हेलो" ही पाटी असलेल्या जागा शोधा, या जागा मार्गापासून पाच किमीच्या आत असतात, सायकल बंदिस्त ठेवायची सोय असते आणि दुरुस्तीचं किट मिळतं. व्हिसासाठी कन्फर्म बुकिंग तिथूनही मिळून जाईल.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत, पण एक वेगळा पर्याय. ल्वारच्या उत्तरेला ल्वार नावाचीच दुसरी छोटी नदी आहे, उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये शेवटी एक अक्षर कमी, बुकिंग करताना गोंधळ होतो तो सांभाळा. तिच्या खोऱ्यातूनही आखलेला सायकल मार्ग आहे, सव्वातीनशे किमीच्या आसपास, आंजेपर्यंत येतो. शातोदाँ, वाँदोम, मोंत्वार, त्रो अशी गावं, त्रोला तर चुनखडीच्या कड्यात कोरलेली घरं आहेत. बहुतेक ठिकाणी साधे गावरस्ते, वाहनं फार कमी. खेडी बघायची असतील तर याला तोड नाही. पण मोठे बांध आणि कालवे तिथे नाहीत, आणि मधूनमधून छोटे चढउतार आहेत. तेव्हा बाबांना विचारून ठरवा.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, ब्रिआरच्या पुलावर त्यांनी तीनदा परत वाचायला लावलं. छोट्या ल्वारचं मला फार आवडलंय पण त्यांचा कौल ठरलाय. ऑर्लेआँहून सुरू करून नवेरकडे, वाऱ्याचा मुद्दा दोघांनाही पटला. जाता जाता सँ-बन्वाचा मठ आणि सुलीचा पाण्यातला किल्ला एवढंच बघू. नंतर दिवस उरले तर नवेरच्या पुढे कालव्याच्या काठाने देसीझपर्यंत जायचा विचार आहे, तो रस्ता कसा आहे?

अजून दोन गोष्टी. वाटेत पाणी कुठे भरायचं? आणि बाबांना नदीत उतरायची फार इच्छा आहे, सप्टेंबरात पाणी कमी असतं म्हणे, ते कितपत शक्य आहे?

प्रतिसाद १

देसीझपर्यंत कालव्याचा काठ धरून जाता येतं, सपाट आणि शांत, जरूर जा.

पाण्यासाठी गावातलं कब्रस्तान शोधा. ऐकायला विचित्र वाटेल पण फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच, पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना तेवढं बघायचं. खाण्याचं आधी बघून ठेवा, लहान गावात दुपारी दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर तर सगळंच, आणि सोमवारीही पुष्कळ ठिकाणी. एका दिवसाचं सोबत असू द्या. संध्याकाळी उशीर झालाच तर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घाला, गावाबाहेर अंधारात सायकलस्वाराला ते कायद्याने सक्तीचं आहे.

नदीत मात्र उतरू देऊ नका, प्लीज. वरून गुडघाभर दिसते पण वाळू पायाखालून सरकते, मध्येच खोल खड्डे आणि ओढ असते, दरवर्षीचे सराईत लोकही फसतात, आणि बहुतेक ठिकाणी पोहायला बंदीच आहे. वाळूच्या बेटांवर कुररी पक्षी घरटी करतात म्हणून एप्रिल ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिकडे जायला मनाई असते, सप्टेंबरात ती उठलेली असते पण तरी पाण्यातून चालत बेटावर जायचा विचार नको. काठावर उतरायला जुन्या होड्यांसाठी बांधलेले दगडी उतार गावोगावी आहेत, बाबांना तिथे बसवा, पाय पाण्यात सोडता येतात आणि पाणी किती चढलं होतं त्याच्या वर्षासकट खुणाही पुष्कळदा तिथल्याच भिंतींवर कोरलेल्या असतात. १८५६ आणि १८६६ शोधायला सांगा.