मदत हवी आहे : चेर्नोबिलचे संगणकीय मॉडेल, पण एझेड-५ (भट्टी तातडीने बंद करण्याचे बटण) दाबल्यावर शक्ती वाढतच नाही

नमस्कार.

पदवीच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे जे घडले त्याचे एक छोटे मॉडेल पायथनमध्ये लिहितो आहे. संपूर्ण गाभा हा एकच बिंदू मानून, विलंबित (विखंडनानंतर काही वेळाने सुटणाऱ्या) न्यूट्रॉनांचे सहा गट आणि आयोडीन-१३५ व त्यापासून बनणारे, न्यूट्रॉन गिळणारे झेनॉन-१३५ यांची साखळी अशी समीकरणे घेतली आहेत. झेनॉनचा हिशेब तासांचा असल्यामुळे पहिल्या दिवशी मी सरळ एका सेकंदाची पायरी घेतली आणि पडद्यावर चक्क उणे शक्ती उमटली. तत्काळ (विखंडन होताच सुटणाऱ्या) न्यूट्रॉनांचे आयुष्य मिलिसेकंदाच्या घरातले, त्यामुळे ते होणारच होते. अव्यक्त (इम्प्लिसिट, म्हणजे पुढच्या क्षणाच्या किमती धरून सोडवण्याची) पद्धत वापरल्यावर ती अडचण मिटली.

झेनॉनचा भाग आता समाधानकारक चालतो. २५ एप्रिलला भट्टी दिवसभर निम्म्या शक्तीवर, म्हणजे सुमारे १६०० मेगावॅट औष्णिक शक्तीवर, थांबवून ठेवल्यामुळे झेनॉन साचत गेले, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या आलेखात मात्र ते काही तास चढून रात्री ११ पर्यंत पुन्हा उतरलेले दिसते, आणि खरी विषबाधा (झेनॉनने न्यूट्रॉन गिळून भट्टी दाबून टाकणे) रात्री १२:२८ च्या सुमारास शक्ती ३० मेगावॅटपर्यंत कोसळल्यानंतर सुरू होते. हे मला पटतेही.

अडचण शेवटच्या मिनिटात आहे. शक्ती २०० मेगावॅट, १:२३:०४ ला चाचणी (वाफ तोडल्यावर थांबत जाणाऱ्या टर्बाइनच्या विजेवर पंप चालवून पाहण्याची) सुरू, पंपांचा वेग उतरतो आणि वाफ वाढते, इथवर ठीक. (तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत पाणीच मंदायक, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करून साखळी चालू ठेवणारे, असल्याने वाफ वाढली की साखळी मंदावते, इथे ते काम ग्राफाइट करते आणि पाणी मुख्यतः न्यूट्रॉन खाते, म्हणून उलटे घडते.) पण १:२३:४० ला एझेड-५ दाबले की प्रत्यक्षात उसळलेली शक्ती माझ्या मॉडेलमध्ये निमूटपणे खाली येते.

नियंत्रक कांड्यांची रचना मी विसरलेलो नाही. गाभा ७ मीटर उंच, कांडी पूर्ण वर असताना तिच्या खालचा ४.५ मीटरचा ग्राफाइट मध्यभागी आणि त्याच्या वर-खाली सव्वा-सव्वा मीटर पाणी. कांडी सेकंदाला ०.४ मीटर वेगाने उतरते, म्हणजे तळचे पाणी हटून तिथे ग्राफाइट यायला सुमारे तीन सेकंद लागतात. प्रत्येक उंचीचे वजन न्यूट्रॉन प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे धरले, प्रवाहाचा आकार साइन वक्राचा घेतला, तर तळच्या सव्वा मीटरला जेमतेम साडेतीन टक्के वजन मिळते आणि वरून शिरणारा शोषक सहज जिंकतो. वजनाची ही पद्धतच चुकीची आहे, की प्रवाहाचा आकार? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वजनाची पद्धत चुकीची नाही, पण दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. त्या रात्री प्रवाह साइन वक्रासारखा नव्हता. मध्यभागी खोलगट आणि वर-खाली दोन उंचवटे असा तो होता, त्यामुळे तळच्या भागाचे वजन तुमच्या साडेतीन टक्क्यांपेक्षा बरेच जास्त भरेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे तुम्ही आकार गोठवून ठेवला आहे. ७ मीटरच्या मानाने न्यूट्रॉनची धाव अगदीच थोडी असल्यामुळे, मधला भाग दबलेला असताना वरची आणि खालची बाजू जवळजवळ दोन वेगळ्या भट्ट्यांसारख्या वागतात. वर शोषक शिरला म्हणून खालची बाजू लगेच शांत होत नाही. बिंदू मॉडेलला हे कधीच दिसणार नाही, कारण त्याला वर-खाली अशी भाषाच नाही. उंचीच्या दिशेने पेट्या पाडा, शेजारच्या पेट्यांमध्ये विसरण (न्यूट्रॉनांची ये-जा) ठेवा आणि झेनॉनही प्रत्येक पेटीत वेगळे मोजा. इंधन तापल्यामुळे होणारा डॉप्लर परिणाम (तापलेले इंधन जास्त न्यूट्रॉन शोषते) विसरू नका, नाहीतर शक्ती कुठे थांबायची ते मॉडेलला कळणार नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. २५ सेंटीमीटरच्या २८ पेट्या केल्या. एझेड-५ नंतर वरच्या पेट्यांतली शक्ती उतरू लागते आणि त्याच वेळी तळच्या पाच-सहा पेट्यांतली चढते; एकूण बेरीज दुसऱ्या सेकंदानंतर वर वळते. एवढे दिवस मी एकच आकडा छापत होतो, त्यामुळे ही गंमत दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आता एक शंका उरते. वाफेचे प्रमाण मी सर्व पेट्यांत सारखे धरले आहे. प्रत्यक्षात पाणी खालून वर जाते, तेव्हा तळाशी निर्माण झालेली जास्तीची उष्णता वरच्या पेट्यांतली वाफही वाढवणार. एकेका पेटीचा उष्णतेचा ताळेबंद खालून वर मांडत गेलो तर पुरेल, की प्रवाहाचा वेग आणि दाबही सोबत सोडवावे लागतील?